जहाज ‘रोम’ला लागते, रोम मात्र दूर असते: इटलीच्या क्रूझ बंदरांतून सार्वजनिक वाहतुकीने प्रवास

क्रूझ कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘रोम’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रत्यक्षात जहाज रोमला जात नाही. ते रोमच्या वायव्येस सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर असलेल्या चिव्हितावेक्किया या बंदराला लागते. ‘फ्लॉरेन्स’च्या नावाखाली लिवोर्नो येते, तर कधी ला स्पेझिया. ‘व्हेनिस’ असे लिहिलेल्या सफरीतील प्रवासी अलीकडे रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथेही उतरलेले आढळतात. नाव आणि धक्का यांच्यामधील हे अंतर कसे पार करायचे, हाच इटलीच्या किनाऱ्यावरील प्रत्येक क्रूझ प्रवाशापुढचा पहिला प्रश्न असतो.

जहाजावरून विकल्या जाणाऱ्या सहली हे त्याचे सोपे, परंतु महागडे उत्तर आहे. रोमच्या दिवसभराच्या सहलीसाठी माणशी शंभर युरोंहून अधिक रक्कम सहज मोजावी लागते आणि चौघांच्या कुटुंबासाठी हा खर्च विमान तिकिटाशी स्पर्धा करू लागतो. याउलट चिव्हितावेक्किया ते रोम या प्रादेशिक रेल्वेगाडीचे एका बाजूचे भाडे पाच युरोंच्या आसपास असते. इटलीचे रेल्वेजाळे दाट आहे, बहुतेक बंदरांपासून रेल्वेस्थानक चालत किंवा एका बसच्या अंतरावर असते आणि प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही. त्यामुळे स्वतंत्रपणे फिरणे हा केवळ काटकसरीचा मार्ग राहत नाही. अनेक बंदरांत तोच अधिक शहाणपणाचा ठरतो. अर्थात सर्वच बंदरांत नाही.

जहाजाचे घड्याळ

स्वतंत्र प्रवासाचा सारा हिशेब एका नियमाभोवती फिरतो. जहाजाने विकलेल्या सहलीची बस वाहतूक कोंडीत अडकली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढे पोहोचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या तिकिटावर गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. सुटण्याच्या वेळेआधी, बहुधा अर्धा तास ते एक तास, सर्वांनी जहाजावर परतलेले असावे लागते. ही वेळ रोजच्या छापील पत्रकात आणि उतरण्याच्या दाराशी लावलेली असते. नियोजन करताना सुटण्याची वेळ नव्हे, तर ही परतीची वेळ धरावी. जहाजावरील घड्याळ आणि किनाऱ्यावरील घड्याळ एकच वेळ दाखवत आहेत ना, हेही पाहावे. मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो, जहाज मात्र काही वेळा बदलत नाही.

उदाहरण म्हणून सकाळी सात ते सायंकाळी सात असा चिव्हितावेक्कियाचा मुक्काम घेऊ. सातला जहाज लागले तरी उतरण्याची परवानगी आणि रांग यांत पाऊण-एक तास जातो. बंदरातील बस आणि स्थानकापर्यंतची वाट यांसाठी आणखी पाऊण तास धरावा. म्हणजे नऊच्या सुमाराची गाडी मिळाली, तर दहा-सव्वादहाला रोम. परतीची वेळ साडेसहा असेल, तर स्थानकातून धक्क्यापर्यंतचा प्रवास धरून पावणेसहाला पोहोचणारी गाडी ही शेवटची म्हणावी लागेल; परंतु त्या गाडीच्या भरवशावर राहणे म्हणजे जुगार आहे. तिच्या आधीच्या गाडीच्याही आधीची गाडी ‘आपली’ मानावी. एक रद्द झाली, दुसरी उशिरा आली, तरी तिसरी हातात राहते. या हिशेबाने रोममध्ये पाच तास मिळतात. बारा तासांच्या मुक्कामातील हे पाच तास कमी वाटतील; पण जहाजाच्या बसने जाणाऱ्यालाही त्याहून फार जास्त मिळत नाहीत.

इटलीत संप हा वेळापत्रकाचाच एक भाग समजावा. त्यासाठीचा शब्द ‘शोपेरो’. रेल्वे आणि शहर वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात आणि त्यांची यादी परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा कायद्याने चालू ठेवावी लागते. नोकरदारांसाठी ही सोय उत्तम आहे. क्रूझ प्रवाशासाठी ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. तो सकाळी नऊच्या आत कसाबसा निघेल, पण त्याला परतायचे असते ते चार-पाचच्या सुमारास, म्हणजे नेमके हमी नसलेल्या वेळेत. संपाच्या दिवशी म्हणूनच दूरच्या शहराचा बेत सोडून बंदराच्या गावातच फिरावे किंवा जहाजाची सहल घ्यावी. पैसे वाचविण्याचा तो दिवस नव्हे.

चिव्हितावेक्किया: रोमचे दार

सम्राट ट्राजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी उभारलेले हे बंदर आज भूमध्य समुद्रातील सर्वांत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक असून, अलीकडच्या वर्षांत येथून वर्षाला ३० लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी ये-जा करतात. बंदराचा विस्तार एवढा आहे की धक्क्यावरून बाहेर चालत जाण्याचा प्रयत्न करू नये. जहाजापासून लार्गो देल्ला पाचे या माहिती केंद्रापर्यंत बंदराची मोफत बस असते. तेथून रेल्वेस्थानकापर्यंत शहर बस मिळते, किंवा किल्ल्याच्या बाजूने समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने चालत जाता येते. मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या किल्ल्यापासून स्थानक पंधरा ते वीस मिनिटांवर आहे.

स्थानकातून रोमकडे जाणाऱ्या गाड्यांत बहुतेक परदेशी प्रवासी ‘तेर्मिनी’ या मुख्य स्थानकाचे तिकीट काढतात आणि तेथेच अर्धा तास गमावतात. प्रादेशिक गाडी तेर्मिनीच्या आधी सान पिएत्रो, त्रास्तेव्हेरे आणि ओस्तिएन्से या स्थानकांवर थांबते. व्हॅटिकन पाहायचे असेल तर सान पिएत्रोला उतरावे. सेंट पीटर्स चौक तेथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. कोलोसियम पाहायचे असेल तर ओस्तिएन्सेला उतरून लगतच्या पिरामिदे स्थानकातून मेट्रोची ‘बी’ मार्गिका घ्यावी. चिर्को मास्सिमोनंतरचे दुसरे स्थानक कोलोसियमचेच. रोमच्या मेट्रोच्या दारावर आणि बसमध्ये स्पर्शविरहित बँक कार्ड टेकवून भाडे देता येते, त्यामुळे तिकीट खिडकी शोधण्याची गरज राहत नाही. प्रादेशिक रेल्वे, बस आणि मेट्रो यांचे एकत्रित दिवसाचे तिकीट ‘बिर्ग’ या नावाने मिळते. जाणे-येणे आणि शहरातील दोन-तीन फेऱ्या असा बेत असेल, तर ते सोयीचे पडते.

कोलोसियमची तिकिटे आता प्रवाशाच्या नावाने आणि वेळ ठरवून दिली जातात. ती आधी काढलेली नसतील, तर आयत्या वेळी जाऊन प्रवेश मिळेल असे धरून चालू नये. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद, आणि त्या दिवशीची मोफत प्रवेशाची गर्दी हे न जाण्याचेच कारण ठरावे. पाच तासांत व्हॅटिकन संग्रहालये आणि कोलोसियम ही दोन्ही आतून पाहू असे म्हणणाऱ्याची दोन्ही अर्धवट राहतात. एक निवडावे आणि उरलेला वेळ पायी फिरावे. पान्थेऑन, नाव्होना चौक आणि त्रेव्ही कारंजे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. पाण्याची बाटली जवळ असली की पुरे. रस्त्याकडेच्या लोखंडी नळांतून अखंड वाहणारे पाणी पिण्याचेच असते.

ज्यांनी रोम आधी पाहिले आहे, त्यांच्यासाठी उत्तरेकडच्या गाडीने थोड्याच अंतरावर तार्किनिया आहे. रोमन सत्तेच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांची रंगविलेली थडगी तेथे असून, २००४ पासून ती युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. स्थानक गावापासून दूर आहे, मध्ये बस घ्यावी लागते. पण रोमच्या तुलनेत येथे शांतता मिळते.

नेपल्स: धक्क्यावर उतरले की शहर

रोमच्या नेमके उलट नेपल्सचे आहे. स्ताझिओने मारित्तिमा हे प्रवासी टर्मिनल शहराच्या मध्यभागी, कास्तेल नुओव्हो या मध्ययुगीन किल्ल्यासमोर आहे. रस्ता ओलांडला की मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गिकेचे मुनिचिपिओ स्थानक. शेजारच्या बेव्हेरेल्लो धक्क्यावरून काप्री, इस्किया आणि सोरेन्तोला जलद बोटी सुटतात. जहाजाच्या सहलीचे पैसे वाया घालविण्याचे बंदर कोणते, असे विचारले तर या लेखकाचे उत्तर नेपल्स हेच राहील.

पॉम्पेईला जाण्यासाठी मुनिचिपिओहून मेट्रोने तीन स्थानके ओलांडून गारिबाल्दीला उतरावे. तेथे मुख्य रेल्वेस्थानकाच्या तळाशी सिरकुम्वेसुव्हियाना ही उपनगरी रेल्वे आहे. सोरेन्तोकडे जाणारी गाडी धरून ‘पॉम्पेई स्काव्ही–व्हिला देइ मिस्तेरी’ येथे उतरावे. उत्खननाचे प्रवेशद्वार अगदी समोर आहे. स्थानकाचे पूर्ण नाव लक्षात ठेवणे महत्त्वाचे, कारण पॉम्पेई नावाची आणखी दोन स्थानके वेगळ्या मार्गांवर आहेत आणि ती आधुनिक गावात आहेत. प्रवास ३५ ते ४० मिनिटांचा असतो. गाड्या साधारण अर्ध्या तासाने असतात, डबे लहान असतात आणि उन्हाळ्यात त्यांत मुंबईकरालाही परकी वाटणार नाही अशी गर्दी होते. बसायला जागा हवी असेल तर गारिबाल्दीच्या आधीच्या, म्हणजे जेथून गाडी सुटते त्या पोर्ता नोलाना स्थानकावर चढावे. पाकीट पुढच्या खिशात किंवा आतल्या पिशवीत ठेवावे, ही सूचना येथे कोणीही स्थानिक माणूस न विचारता देतो.

नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २० हजार प्रवेशांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागते. ओळखपत्र सोबत असावे. इसवी सन ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे नगर एवढे विस्तीर्ण आहे की तीन तासांत त्याचा एक भागच होतो, आणि सावली फारशी नाही. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर त्याच रेल्वेमार्गावर, निम्म्या अंतरावर असलेले एर्कोलानो, म्हणजेच प्राचीन हर्क्युलेनियम, अधिक चांगले. स्थानकापासून उताराच्या सरळ रस्त्याने दहा मिनिटांत तेथे पोहोचता येते. क्षेत्र लहान आहे, घरांचे वरचे मजले आणि कोळसा झालेली लाकडी तुळई, दारे अजून जागेवर आहेत. अर्ध्या दिवसासाठी पॉम्पेईपेक्षा हे स्थळ अधिक समाधान देते, असे मत येथे नोंदवावेसे वाटते.

मराठी वाचकाने मात्र नेपल्समध्ये आणखी एक ठिकाण चुकवू नये. मेट्रोच्या त्याच १ क्रमांकाच्या मार्गिकेवर ‘मुझेओ’ नावाचे स्थानक आहे आणि त्याच्या वर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईतील एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना सेविका असलेली ही मूर्ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे अनेक अभ्यासकांनी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असे मत मांडले. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. त्यामुळे ही हस्तिदंती बाहुली सातवाहनांच्या प्रदेशातून, बहुधा भोकरदन परिसरातून, पश्चिम किनाऱ्यावरील एखाद्या बंदरामार्गे इटलीत पोहोचली असावी, असा तर्क केला जातो. तेरचे प्राचीन नाव तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर त्याचा उल्लेख येतो. संग्रहालयाच्या ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ती ठेवलेली आहे. हे दालन प्रणयविषयक कलावस्तूंचे आहे, तेव्हा मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. संग्रहालय मंगळवारी बंद असते. जहाज मंगळवारी लागत असेल, तर पॉम्पेईचा बेत धरावा.

लिवोर्नो आणि ला स्पेझिया

मेदिची घराण्याने भरभराटीस आणलेले लिवोर्नो हे मालवाहू बंदर आहे आणि क्रूझ प्रवाशाला ते तसेच भेटते: कंटेनर, क्रेन आणि लांबलचक धक्के. बंदरातून पायी बाहेर पडता येत नाही. शहराच्या मध्यभागापर्यंत शटल बस असते आणि तिचे पैसे बहुधा वेगळे पडतात. तेथून रेल्वेस्थानकही चालण्याजोगे नाही, दुसरी शहर बस घ्यावी लागते. फ्लॉरेन्सची गाडी सुमारे दीड तास घेते. म्हणजे जहाजातून बाहेर पडल्यापासून फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर पाऊल ठेवेपर्यंत अडीच तास आणि तेवढेच परतताना. दहा तासांच्या मुक्कामात साडेचार तास हाती लागले तर भाग्य. स्थानकातून कॅथेड्रल दहा मिनिटांवर असल्यामुळे तेवढ्या वेळातही शहराची ओळख होते. उफ्फीझी चित्रसंग्रहालयासाठी मात्र वेळ आरक्षित केलेले तिकीट हवे, आणि सोमवारी ते बंद असते.

पिसा त्या मानाने हाताशी आहे. गाडीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मुख्य स्थानकापासून कलत्या मनोऱ्यापर्यंत चालत अर्धा तास किंवा बस. गाडी बदलून सान रोस्सोरे या छोट्या स्थानकावर उतरल्यास चाल बरीच कमी होते. पिसाहून लुक्का हे तटबंदीचे शहर रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. सुमारे चार किलोमीटरच्या त्या तटावर आता झाडे लावलेला फिरण्याचा रस्ता आहे. पिसा आणि फ्लॉरेन्स दोन्ही एका दिवसात करण्याचा मोह टाळावा. पिसा आणि लुक्का ही जोडी निवांत होते.

ला स्पेझियाचे आकर्षण म्हणजे चिंक्वे तेर्रे, समुद्रावरच्या कड्यांना चिकटलेली पाच गावे. येथे रेल्वे हा पर्यायांपैकी एक पर्याय नसून तोच खरा मार्ग आहे. बसला या गावांत शिरायला रस्ताच नाही म्हटले तरी चालेल. क्रूझ टर्मिनलच्या दारापासून ला स्पेझिया मध्य स्थानक वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. तेथून रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नीलिया, व्हेर्नात्झा आणि मोंतेरोस्सो अशी एकामागून एक स्थानके येतात. पहिले गाव दहा मिनिटांच्या आत. लेव्हान्तोपर्यंत दिवसभर कितीही वेळा चढण्या-उतरण्याचे कार्ड मिळते आणि त्याची किंमत दिवसाच्या गर्दीनुसार बदलते. उन्हाळ्यात फलाट एवढे भरतात की गाडी आली तरी चढता येईलच असे नाही, म्हणून परतीच्या हिशेबात येथे एक जादा गाडी धरावी. सर्वांत दूरच्या मोंतेरोस्सोला आधी जावे आणि ला स्पेझियाकडे सरकत यावे. दिवस संपताना आपण बंदराच्या जवळ असतो. कोर्नीलिया हे गाव स्थानकापासून पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या वर आहे. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी ‘प्रेमवाट’ २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली होती. ती २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली असून तिच्यासाठी वेगळे शुल्क आणि वेळेचे आरक्षण आहे.

उत्तरेकडे जेनोव्हा हे स्वतंत्र प्रवाशाला सर्वांत सोपे बंदर म्हणावे लागेल. टर्मिनलपासून पिआत्झा प्रिंचिपे रेल्वेस्थानक दहा मिनिटांवर, जुने शहर त्याहून जवळ, आणि डोंगरउतारावरील वस्त्यांना जोडणाऱ्या सार्वजनिक लिफ्ट आणि दोरखंडाच्या रेल्वे शहर बसच्याच तिकीट व्यवस्थेत येतात. साव्होनाला जहाज लागले तरी जेनोव्हा रेल्वेने तासाभराच्या आत आहे.

व्हेनिस आता कोठे आहे?

१ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून अधिक एकूण क्षमतेच्या जहाजांना सान मार्कोसमोरील पाण्यातून आणि जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे. सरोवराच्या नाजूक तळाला आणि शहराच्या पायाला पोहोचणारा धोका, त्यासाठी रहिवाशांनी वर्षानुवर्षे केलेले आंदोलन आणि जून २०१९ मध्ये एका मोठ्या जहाजाने धक्क्याला व पर्यटक बोटीला दिलेली धडक या साऱ्याची ही परिणती होती. मोठी जहाजे आता मुख्य भूमीवरील मार्गेरा या औद्योगिक बंदरात, तसेच रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथे लागतात. आरक्षण करतानाच धक्क्याचे नाव विचारून घ्यावे, कारण मार्गेराहून व्हेनिस बसने गाठता येते, रावेन्नाहून मात्र ते दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि थेट रेल्वेमार्ग नाही. रावेन्नाला उतरून दिवसभरात व्हेनिस पाहून येण्याचा बेत सार्वजनिक वाहतुकीने करूच नये.

व्हेनिसमध्ये दिवसापुरते येणाऱ्यांकडून गर्दीच्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेण्याची पद्धत एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. आपल्या जहाजाच्या दिवशी ते लागू आहे का आणि क्रूझ प्रवाशाला सवलत आहे का, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. शहरातील ‘व्हापोरेत्तो’ ही जलबस रेल्वेच्या मानाने महाग आहे. एका फेरीला साडेनऊ युरो. पिआत्झाले रोमा या बस थांब्यापासून सान मार्कोपर्यंत गल्ल्यांतून पायी जायला पाऊण तास लागतो, आणि हेच खरे व्हेनिस.

रावेन्नाला मात्र व्हेनिसची जागा भरून काढणारे गाव समजू नये. पाचव्या-सहाव्या शतकातील सोनेरी मोझेकांच्या आठ वास्तू १९९६ पासून वारसा यादीत आहेत आणि कवी दान्तेची समाधी येथेच आहे. पोर्तो कोर्सिनी हा धक्का गावापासून दूर आहे आणि शहर बसच्या फेऱ्या मोजक्या, तेव्हा परतीची बस उतरतानाच टिपून ठेवावी. याच रावेन्ना प्रांतातून सेन्यो नदी वाहते. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४५ रोजी या नदीकाठी दाखविलेल्या शौर्याबद्दल मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मोहिमेत कामी आलेल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचे स्मारक शेजारच्या फोर्ली शहरात आहे. एका दिवसात मोझेक आणि फोर्ली दोन्ही होणे कठीण. ज्याला जायचे असेल त्याने फोर्लीचाच दिवस करावा.

त्रिएस्तेला जहाज थेट शहराच्या मुख्य चौकालगत लागते. या चौकातल्या एका भव्य इमारतीतून लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीचा कारभार चाले. तिच्या बोटी मुंबईला येत आणि विमानप्रवास परवडण्याआधीच्या काळात युरोपला शिकायला जाणाऱ्या कित्येक भारतीयांनी त्यांतूनच समुद्र ओलांडला.

दक्षिणेकडची बंदरे

पालेर्मो आणि मेस्सिना ही सिसिलीची दोन्ही बंदरे शहरातच आहेत. मेस्सिनात दुपारी बाराला कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरील यांत्रिक घड्याळ पाहावे: सिंह गर्जतो, कोंबडा आरवतो. १९३३ मधील हे घड्याळ स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी घडविले. ताओर्मिनाला रेल्वेने जाता येते, पण स्थानक समुद्रकाठी आणि गाव वर डोंगरावर, मध्ये बस. त्यामुळे घड्याळ आणि ताओर्मिना यांतले एकच निवडावे लागते. बारीमध्ये जुने शहर पायी होते आणि पोलिन्यानो रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. मातेराची गाडी मात्र वेगळ्या कंपनीची, मुख्य स्थानकाशेजारच्या वेगळ्या इमारतीतून सुटणारी आणि दीड तासाहून अधिक वेळ घेणारी. रविवारी व सुट्टीच्या दिवशी तिची सेवा इतर दिवसांसारखी नसते.

ब्रिंदिसी हे फारसे कोणी मागून न घेणारे बंदर भारतीय वाचकाला जवळचे वाटावे. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडन-मुंबई टपाल याच बंदरातून जात असे. लंडनहून टपाल रेल्वेने ब्रिंदिसीपर्यंत आणि पुढे बोटीने सुएझमार्गे मुंबईला. गोलमेज परिषदेहून परतताना १४ डिसेंबर १९३१ रोजी महात्मा गांधी येथूनच ‘पिल्स्ना’ बोटीने मुंबईकडे निघाले. रोमहून निघणारा प्राचीन अप्पियन मार्ग येथे संपतो; त्याचा शेवट दाखविणारा स्तंभ धक्क्यावरून दिसतो. हा मार्ग जुलै २०२४ मध्ये वारसा यादीत आला आणि तो निर्णय झाला नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात. लेच्चे हे सोनेरी दगडातील बरोक शहर येथून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे.

तिकीट आणि फलकावरचे शब्द

छापील प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटासाठी गाडीत चढण्याआधी मोबाइलवरच ‘चेक-इन’ करावे लागते. शहर बसची तिकिटे तंबाखूच्या दुकानांत, म्हणजे मोठे ‘टी’ अक्षर लावलेल्या ‘तबाकी’मध्ये मिळतात.

स्थानकावरील पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, ‘सोप्रेस्सो’ म्हणजे गाडी रद्द. वेळापत्रकात ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यांत शनिवार येतो. ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार व सुट्ट्या. ही दोन अक्षरे न पाहिल्याने नसलेल्या बसची वाट पाहणारे पर्यटक प्रत्येक बंदरात दिसतात. २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि १५ ऑगस्ट या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. १५ ऑगस्टचा ‘फेर्रागोस्तो’ हा इटलीतील उन्हाळी सुट्टीचा मुख्य दिवस असून बसच्या फेऱ्या त्या दिवशी हमखास रोडावतात.

पारपत्र, व्हिसा आणि चुकलेले जहाज

भारतीय पारपत्रधारकाला इटलीत उतरण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. सफर शेंगेन क्षेत्राबाहेरच्या बंदराला, उदाहरणार्थ तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा मोन्टेनेग्रोच्या कोटोरला, जाऊन पुन्हा इटलीत परतणार असेल, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. बहुप्रवेशी व्हिसा मागावा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये असल्याने केवळ दुब्रोव्हनिक किंवा स्प्लिटला थांबणाऱ्या सफरीला ही अडचण येत नाही.

अनेक जहाजांवर पारपत्रे स्वागत कक्षात जमा करून घेतात. किनाऱ्यावर जाताना पारपत्र व व्हिसाच्या पानांची प्रत आणि जहाजाचे कार्ड जवळ ठेवावे. रोजच्या पत्रकात बंदरातील प्रतिनिधीचे नाव व दूरध्वनी छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. गाडी अडकली आणि वेळ हातची जाते आहे असे दिसले, तर धावपळ करण्याआधी या क्रमांकावर फोन करावा. जहाज सुटल्यावरही प्रवाशाची कागदपत्रे आणि पुढची व्यवस्था याच व्यक्तीमार्फत होते. खर्च मात्र प्रवाशाचा.

तो किती होईल, हे पुढच्या बंदरावर ठरते. चिव्हितावेक्कियाला जहाज चुकले आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम नेपल्स असेल, तर रोमहून अतिजलद गाडी सव्वा तासाच्या आत नेपल्सला पोहोचवते. नुकसान एका तिकिटाचे आणि एका रात्रीच्या हॉटेलचे. पुढचे बंदर बार्सिलोना असेल तर आयत्या वेळचे विमान तिकीट काढावे लागते. ते तुर्कस्तानात असेल, तर तेथला व्हिसा आणि मूळ पारपत्र जवळ आहे का, हा प्रश्न आधी येतो. म्हणून लांबच्या शहराचा स्वतंत्र बेत आखताना त्या दिवशीच्या गाड्यांबरोबर जहाजाचा दुसऱ्या दिवशीचा मुक्कामही पाहावा. तो इटलीतच असेल तर फ्लॉरेन्सला जावे. नसेल तर पिसा आणि लुक्का.